द्विदल धान्यांचे टरफल : पोषणमूल्य आणि मर्यादा

द्विदल धान्यांच्या आहारमूल्याचा विचार बहुधा डाळीपुरताच केला जातो. डाळ करताना वेगळे होणारे टरफल चुनीबरोबर गुरांच्या खाद्यात जाते, व ते निःसत्त्व असते असा सर्वसाधारण समज आहे. उलटपक्षी, टरफलातील ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांचा अलीकडे बराच गवगवा होऊन ते जणू औषधच होय, असेही सांगितले जाऊ लागले आहे. या दोन्ही मतांत कितपत तथ्य आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

द्विदल बीजाचे मुख्य भाग तीन : बाहेरचे टरफल म्हणजे बीजावरण, आतील दोन दलिका म्हणजे आपली डाळ, आणि त्यांच्यामधील लहानसा अंकुर. देशी हरभऱ्यात टरफलाचे वजन बीजाच्या सुमारे १४ टक्के भरते. काबुली हरभऱ्याचे टरफल पातळ असल्याने हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असते. दलिका हे अंकुराचे अन्नभांडार, तर टरफल ही त्याची तटबंदी. म्हणूनच दलिकांत प्रथिने व पिष्ट साठविलेले असते आणि टरफलात तंतुद्रव्ये व संरक्षक रसायने आढळतात.

हा फरक आकड्यांनी स्पष्ट होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, दीर्घकाळ वापरात असलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात २०२ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच हरभरा डाळीत ते केवळ ५६ मिलिग्रॅम असते. १०० ग्रॅम हरभऱ्यापासून ८६ ग्रॅम डाळ मिळते असे धरल्यास तीत सुमारे ४८ मिलिग्रॅम कॅल्शियम उरेल. म्हणजे उरलेले सुमारे १५४ मिलिग्रॅम, अर्थात एकूण कॅल्शियमचा तीन चतुर्थांश भाग, अवघ्या १४ ग्रॅम टरफलात होता. स्थूल तंतूंचा हिशेबही असाच येतो : अख्ख्या हरभऱ्यात ३.९ ग्रॅम, डाळीत १.२ ग्रॅम. परंतु हीच रीत प्रथिने व लोह यांना लावली असता निराळे चित्र दिसते. डाळीत प्रथिने २०.८ ग्रॅम व लोह ५.३ मिलिग्रॅम, तर अख्ख्या हरभऱ्यात ती अनुक्रमे १७.१ व ४.६ आहेत. यावरून ही दोन्ही द्रव्ये जवळजवळ सर्वस्वी डाळीतच असतात, असे अनुमान निघते. सारांश, टरफल निःसत्त्व नाही. मात्र त्याचे सत्त्व डाळीच्या सत्त्वाहून भिन्न आहे.

आता ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांकडे वळू. बीजातील टॅनिने व फ्लॅव्होनॉइडे ही फेनॉलवर्गीय द्रव्ये मुख्यतः टरफलात एकवटलेली असतात. मुगाच्या हिरव्या सालीत व्हायटेक्सिन व आयसोव्हायटेक्सिन असते. काळ्या सोयाबीनचा काळेपणा अँथोसायनिनांमुळे असतो. सामान्यतः टरफल गडद असेल तर टॅनिने अधिक व पांढरे असेल तर अल्प असतात. या द्रव्यांचे रेणू आपल्या हायड्रॉक्सिल गटातील हायड्रोजन देऊन क्रियाशील मुक्त मूलकांना शांत करतात, तसेच धातूंच्या आयनांना बांधून ठेवतात. त्यामुळे ऑक्सिडीकरणाची साखळी खंडित होते.

तथापि परीक्षानळीत जे घडते ते शरीरात तितक्याच प्रमाणात घडते, असे मानणे योग्य नाही. टॅनिनांचे मोठे रेणू लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोहोचून तेथील जंतूंकडून विघटित होतात. अन्नपदार्थांची ऑक्सिडीकरणरोधक शक्ती दर्शविणारी आपली कोष्टके अमेरिकेच्या कृषिखात्याने २०१२ साली मागे घेतली, त्याचे कारण हेच की या आकड्यांवरून आरोग्यावरील परिणाम ठरविता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, धातूंना बांधण्याचा जो गुण वर सांगितला, तोच आहारात दोषही ठरतो. टॅनिने लोहाशी संयोग पावून त्याचे शोषण घटवितात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. अशा स्त्रीस टरफलयुक्त कडधान्याची सरसकट शिफारस करणे उचित नव्हे. परंतु टरफल काढले की लोहाचा मार्ग मोकळा झाला, असेही नाही. कारण लोहास अडविणारे दुसरे द्रव्य, फायटिक आम्ल, प्रामुख्याने दलिकांतच असते.

या ठिकाणी आपल्या स्वयंपाकातील जुन्या रीती उपयोगी पडतात. कडधान्य भिजवून ते पाणी टाकून दिल्यास टॅनिनांचा काही अंश निघून जातो, आणि मोड आणल्यास फायटिक आम्ल घटते. मूग-मटकीच्या उसळीत मोड आणूनही टरफल राखले जाते. वालाच्या बिरड्यात मोड आल्यावर ते सोलून काढतात. उसळीवर लिंबू पिळल्यास क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास मात्र टॅनिनांची भर पडून हा लाभ कमी होतो.

तेव्हा टरफल ठेवावे की काढावे, या प्रश्नास सर्वांसाठी एकच उत्तर नाही. ज्याच्या आहारात लोह पुरेसे आहे पण तंतू थोडे आहेत, त्याने अख्खी कडधान्ये अवश्य घ्यावीत. जिथे रक्तक्षय आहे, तिथे भिजविणे, मोड आणणे व लिंबाची जोड देणे यांवर भर द्यावा. टरफलाचे मूल्य त्याच्या रासायनिक घटकांइतकेच, ते कोणाच्या ताटात व कशाच्या जोडीने येते, यावर अवलंबून आहे.