डाव्या बरगडीआडची पाणथरी

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा-देवरीकडच्या जंगलपट्ट्यात हिवताप आणि सिकलसेल हे दोन्ही आजार जुने आहेत. एक डासातून येतो, दुसरा आईवडिलांकडून. पण दोन्हींचा भार पोटातल्या एकाच अवयवावर पडतो. तो म्हणजे प्लीहा, जुन्या माणसांच्या तोंडची पाणथरी.

डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड ती असते. मोठ्या माणसात तिचे वजन साधारण १५० ग्रॅम. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हातारी, ताठर झालेली पेशी प्लीहेच्या अरुंद फटींतून पार होत नाही. ती तिथेच मोडली जाते आणि तिच्यातले लोह पुन्हा वापरात येते. न्यूमोकॉकससारखे जंतू रक्तातून टिपून काढणे हेही तिचेच काम.

हिवतापात परजीवी शिरलेल्या पेशी गाळता गाळता प्लीहा सुजते. एकोणिसाव्या शतकात तर मुलांची पोटे चाचपूनच एखाद्या गावातला हिवताप मोजला जाई. सिकलसेलचा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेल्या वाहकाला गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळते, हे संशोधक अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. वाहकाच्या शरीरात परजीवी शिरलेली पेशी लवकर विळ्यासारखी वाकते आणि प्लीहा तिला टिपते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या राहिला तिथे हा दोष टिकला, तो यामुळे.

मात्र आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला, की तीच प्लीहा संकटात सापडते. वाकड्या पेशी तिच्या वाहिन्या तुंबवतात, ती हळूहळू निकामी होते आणि साधा वाटणारा ताप जिवावर बेतू शकतो. कधी काही तासांतच शरीरातले बरेचसे रक्त प्लीहेत अडकते: मूल पांढरेफटक पडते, मलूल होते, पोटाची डावी बाजू फुगते. आफ्रिकी वंशाच्या बहुतेक रुग्णांत प्लीहा लहानपणीच आक्रसून जाते. मध्य भारतातील अनेक रुग्णांत मात्र गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते आणि प्लीहाही बरीच वर्षे सुजलेली राहते. त्यामुळे आपल्याकडे हा धोका मोठ्या मुलांतही असतो.

यावरचा एक उपाय जमैकाने दाखवून दिला. तिथल्या डॉक्टरांनी पालकांना घरीच मुलाची प्लीहा चाचपायला शिकवले. मुले वेळेत रुग्णालयात पोहोचू लागली आणि अशा झटक्यांतले मृत्यू खूप घटले.

१ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचे उद्दिष्ट २०४७ चे आहे. रक्ततपासणी, न्यूमोकॉकसची लस, हायड्रॉक्सियुरियासारखे औषध हे सारे हवेच. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधीची तपासणीही हवी. पण आज ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे, तिथल्या आईला आशाताईंनी आणि डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली बोटे कशी ठेवायची, हे दाखवायलाच हवे. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. शिकवणारे माणूस तेवढे लागते.