नोटीस चिकटवली, जबाबदारी संपली!

पावसाळा तोंडावर आला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत एक वार्षिक कर्मकांड पार पडते. धोकादायक इमारतींची यादी निघते, तिची बातमी छापून येते, शिपाई जाऊन दारावर नोटीस डकवतो. काही बरेवाईट घडल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही, हा त्या नोटिशीचा खरा मथितार्थ. सत्यनारायणाच्या पोथीसारखा मजकूर दरवर्षी तोच. पोथी वाचली की यजमान मोकळा, नोटीस चिकटवली की अधिकारी मोकळा! रहिवासी मात्र त्याच तडा गेलेल्या स्लॅबखाली अंथरूण टाकतो.

१५ मे २०२१ रोजी उल्हासनगर कॅम्प एकमधील मोहिनी पॅलेस या इमारतीचे स्लॅब कोसळून माणसे मेली. त्या मृतांचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच २८ मेच्या रात्री कॅम्प दोनमधील साई सिद्धी इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या स्लॅबना घेऊन तळापर्यंत आला. सात जण ठार झाले. मग मंत्री आले, मदत जाहीर झाली, नव्वदच्या दशकात बांधलेल्या सर्व इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करण्याच्या घोषणा झाल्या. आणि २२ सप्टेंबर २०२२ रोजी कॅम्प पाचमध्ये मानस टॉवरचा स्लॅब कोसळून आणखी चार जीव गेले. सव्वा वर्षात त्या घोषणांचे काय झाले, हा प्रश्न विचारायला विरोधी पक्षाचा नेता लागत नाही. शाळेतले पोरही विचारील.

या शहराचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय हा गुंता उकलणार नाही. फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवले आणि १९४९ साली त्या छावणीचे नाव उल्हासनगर झाले. आजही वस्तीचा पत्ता 'कॅम्प' असाच सांगतात. बराकींच्या जागी पुढे चार-पाच मजली इमारती उठल्या. ना नकाशा मंजूर, ना पाया तपासलेला, ना कोणत्या रेतीने बांधले याची नोंद. या काळात शहरावर देखरेख करणारे कार्यालय नव्हते असे कोणी समजू नये. कार्यालय होते, अभियंता होता, शिक्काही होता. बिल्डर आणि नगरसेवक यांचे साटेलोटेही होते. टक्केवारी पोचली की बांधकाम दिसेनासे होई.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा सरकारने उल्हासनगरपुरता खास कायदा करून २००६ साली त्या इमारती नियमित करण्याची वाट काढली. त्या घरांत राहणारा माणूस बिल्डर नव्हता, त्याने आयुष्याची पुंजी घालून खोली घेतली होती, म्हणून त्याचे छप्पर वाचावे यावर आमचे दुमत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. रेल्वेच्या कडेला किंवा नाल्याच्या काठावर राहणाऱ्या आमच्या झोपडीवर बुलडोझर येतो तेव्हा खास कायदा का होत नाही? आणि ज्यांच्यासाठी खास कायदा केला त्यांच्या इमारतीतील सळई गंजली आहे की नाही, हे पाहायला तरी सरकार आले का? नियमितीकरण मोजक्याच इमारतींचे झाले. बाकीच्या लोंबकळत राहिल्या. ना कायदेशीर, ना पाडलेल्या!

त्याच २००६ सालाचा दुसरा कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम. तो अंमलात आला ६ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी. कायदा कागदावर चांगला आहे. इमारतीतील आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा सोसायटीने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचे असते. अग्निशमन अधिकाऱ्याला तपासणीचा, नोटीस देण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा, वेळ पडल्यास इमारत सील करण्याचा अधिकार आहे. कसूर करणाऱ्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. पण गोम अशी की प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीची फी मालकच देतो. ज्याची फी घ्यायची त्यालाच नापास कोण करणार? तेव्हा अधिकाऱ्याने स्वतः जिना चढून पाहिल्याखेरीज त्या कागदाची किंमत रद्दीइतकीच.

जिना चढला असता तर त्याला काय दिसले असते? उल्हासनगरची जुनी इमारत म्हणजे एकच अरुंद जिना. जिन्याखाली साऱ्या खोल्यांचे वीजमीटर, उघड्या तारा, शेजारी पेट्रोल भरलेल्या मोटारसायकली. वरच्या मजल्यावर चोरांच्या भीतीने गॅलरीला पक्की जाळी, ती आतून उघडत नाही. कुठे तळमजल्यावर जीन्स शिवण्याचा कारखाना आणि कापडाचे गठ्ठे, कुठे फर्निचर बाजारातले फोम आणि पॉलिश. रात्री मीटरच्या पेटीत ठिणगी पडली तर त्या जिन्याची चिमणी होते. धूर वर चढतो आणि माणसे त्याच धुरात खाली उतरू पाहतात. आगीत माणूस जळण्याआधी बहुधा गुदमरतो. हे टाळायला कोट्यवधींचा निधी लागत नाही. मीटर जिन्याखालून हलवा, गाड्या बाहेर लावा, जाळीला आतून उघडणारी खिडकी ठेवा.

अंबरनाथ-बदलापूरकडे वळले की प्रश्नाचे रूप पालटते. मोरीवली, आनंदनगर, चिखलोली, तिकडे मांजर्ली आणि खरवई असा औद्योगिक पट्टा पसरलेला आहे. तेथे रसायने उकळतात आणि कुंपणापलीकडे कंत्राटी कामगारांची वस्ती असते. कारखान्याची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, बॉयलर बाष्पके संचालनालयाकडे, बांधकामाची परवानगी आणि अग्निशमन एमआयडीसीकडे, धूर-सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि वस्ती नगरपालिकेकडे! पाच घरचा पाहुणा उपाशी, तशी पाच खात्यांची तपासणी. शेजारच्या डोंबिवलीने याची किंमत दोनदा मोजली. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत. औद्योगिक वसाहत तीच, महिना तोच. दुसऱ्या स्फोटानंतर तर तेथील बॉयलरची नोंदणीच नसल्याचे पुढे आले. नोंदच नसेल तर तपासणार कोण आणि कशाची?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते कोळसा खाणींच्या पाहणीला धनबादला गेले, तेव्हा स्वतः खाणीत उतरले आणि मजुरांची घरेही पाहिली. दिल्लीत बसून अहवाल मागवता आला नसता काय? आज साधा वॉर्ड अधिकारी कॅम्प चारच्या सुभाष टेकडीचा चढ चढायला तयार नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा आणि इमारत बांधकामाचे नियमन ही दोन्ही कामे स्थानिक संस्थांच्या यादीत घातली आहेत. पण अंबरनाथ-बदलापुरात २०२० पासून आणि उल्हासनगरात २०२२ पासून कित्येक वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत. त्या काळात सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. तेव्हा जाब विचारायचा होता तर कोणत्या सभागृहात?

आता आपल्याच लोकांशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. तपासणीला रहिवासीच घाबरतात, तडे पीओपीने बुजवतात, ऑडिटवाल्याला दारातून परत पाठवतात. त्यांना अडाणी म्हणणारे पांढरपेशे आम्ही पाहिले आहेत. ते अडाणी नाहीत, हिशेबी आहेत. इमारत सी-१ प्रवर्गात गेली की ती ताबडतोब रिकामी करायची. जागेचे कागद नावावर नाहीत, नकाशा मंजूर नाही, संक्रमण शिबिराचा पत्ता नाही, क्लस्टरचे नाव फक्त निवडणुकीत निघते. धोकादायक छत आणि उघडे आभाळ यातून माणूस छतच निवडतो. म्हणून आमची मागणी अशी की सी-१ची नोटीस आणि पर्यायी घराचा ताबापत्र एकाच दिवशी, एकाच अधिकाऱ्याच्या सहीने मिळाले पाहिजे. पुनर्बांधणीत भाडेकरूसकट प्रत्येकाचा हक्क त्या पत्रात लिहिलेला पाहिजे. असे झाले तर लोक स्वतः अभियंत्याला हात धरून तडे दाखवतील. तोवर नोटीस म्हणजे गरिबाला बेघर करण्याचे आणि साहेबाला वाचवण्याचे हत्यार आहे.

२७ ऑगस्ट २०२५च्या मध्यरात्रीच्या सुमारास विरारमध्ये एक बेकायदा इमारत कोसळली आणि सतरा जण दगावले. इमारतीचे नाव रमाबाई अपार्टमेंट. माता रमाईच्या नावाची पाटी लावून बिल्डर आपल्या माणसांना खोल्या विकतो, हेही समजून घ्या. निळा झेंडा पाहून सळई मजबूत होत नसते.

कार्यकर्त्यांनी मोर्चाआधी एक काम करावे. दहा रुपयांच्या माहिती अर्जात आपल्या प्रभागातील इमारती, शाळा, दवाखाने आणि हॉल यांची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली आणि जानेवारी-जुलैची प्रमाणपत्रे कोणाची आली, एवढेच विचारावे. माणसाच्या जीविताशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत देण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्यात आहे. अर्जात त्या कलम ७(१)चा उल्लेख करावा. आणि अर्ज टाकून परत येताना आपल्या विहारात जावे. वरच्या मजल्यावर मुलांची अभ्यासिका असते, रात्री बारापर्यंत मुले बसलेली असतात. तेथे खाली उतरायला दुसरा रस्ता आहे का, खिडकीची जाळी आतून उघडते का आणि जिन्यात जयंतीच्या मंडपाचे कापड व बांबू कोणी रचून ठेवले आहेत, ते पाहावे आणि त्याच रात्री हलवावेत.