अँटिव्हायरसची वाट का अडते?

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी आता संगणकावाचून कोणतेच काम पुरे होत नाही. शाळेत मुलांची माहिती त्यावर भरली जाते, सेवा केंद्रात उत्पन्नाचे व जातीचे दाखले त्यावरून निघतात, अडत्याचा हिशेब त्यात असतो, आणि सातबारासाठी आलेला शेतकरीही त्याच्याच पडद्याकडे डोळे लावून उभा असतो. हा संगणक बिघडला तर नुसते यंत्र बंद पडत नाही. कोणाची शिष्यवृत्ती अडते, तर कोणाचे पीककर्ज. म्हणून त्याच्या राखणीचा थोडा विचार आपण सर्वांनीच करावयास हवा.

राखणीसाठी आपण अँटिव्हायरस नावाचा प्रोग्रॅम घालतो. तो घातला की काम संपले, अशी आपली समजूत असते. ‘अँटिव्हायरस तं टाकला हाये, मंग भ्या कायचं?’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पण हा प्रोग्रॅम म्हणजे गावचा कोतवाल आहे असे समजा. त्याच्याजवळ चोरांच्या खुणांची एक यादी असते. बाहेरून आलेली प्रत्येक फाईल तो त्या यादीशी ताडून पाहतो. संशयास्पद वागणुकीवरूनही तो काही चोर ओळखतो हे खरे. तथापि त्याचा मोठा आधार यादीचाच. आणि नवे चोर तर रोज निघतात! म्हणून कंपनी दिवसातून अनेकदा नवी यादी इंटरनेटवरून पाठवीत असते. यालाच अपडेट म्हणतात. ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असा निरोप पडद्यावर येतो, तेव्हा कोतवाल जागा असतो, पण त्याची यादी जुनी झालेली असते.

अपडेट चुकल्याने काय होते याचा धडा जगाला १२ मे २०१७ रोजी मिळाला. ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू तेव्हा सुमारे दीडशे देशांत पसरला. लोकांच्या फाईली कुलूपबंद करून तो खंडणी मागे. इंग्लंडमधील कित्येक सरकारी रुग्णालयांचे काम त्याने अडले. विंडोजमधील ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांच्याच घरात प्रामुख्याने चोर शिरला.

आता मुख्य प्रश्न असा, की अपडेटची वाट अडते कशाने? कारणे पुष्कळ आहेत. पण सोप्याकडून अवघडाकडे गेले तर बहुतेक वेळा दुरुस्ती आपल्याच हातून होते.

प्रथम इंटरनेट खरोखर चालू आहे का ते पाहावे. मोबाईलवरून जोडणी घेतली असेल तर दिवसाचा डेटा संपला आहे काय? त्यानंतर अँटिव्हायरसची मुदत पाहावी. वर्षाची वर्गणी संपली की पुष्कळ कंपन्या नवी यादी देणे बंद करतात. संगणकाची डिस्क काठोकाठ भरली असेल तर यादी येऊनही तिला ठेवायला जागा नसते.

यानंतर पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख व वेळ पाहावी. हे कारण अगदी क्षुल्लक वाटते, पण शाळांनी ते विशेष ध्यानात ठेवावे. संगणकाच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. आपल्या विदर्भात उन्हाळ्याची सुटी लांब. तेवढे दिवस संगणक बंद राहतो, जुनी बॅटरी उतरते आणि जूनअखेर शाळा उघडते तेव्हा यंत्रात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसते. आता गंमत पाहा. कंपनीचा सर्व्हर आपली ओळख पटवण्यासाठी एक दाखला पुढे करतो. त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ असे असते. आपल्या संगणकाच्या लेखी ती तारीख अजून उजाडलेलीच नसते! तो दाखला खोटा ठरवतो आणि दार लावून घेतो. तारीख दुरुस्त केली की वाट मोकळी होते. दर वेळी ती पुन्हा चुकत असेल, तर बॅटरी बदलून घ्यावी. ती स्वस्त असते.

तिसरे कारण एका घरात दोन कोतवाल. पहिला अँटिव्हायरस न काढता दुसरा घातला, की दोघे एकमेकांची वाट अडवतात. एकच ठेवावा व दुसरा रीतसर काढून टाकावा. फायरवॉल म्हणजे येण्याजाण्यावर पहारा करणारी चौकी. तिने अँटिव्हायरसलाच अडवले असेल तर त्याला परवानगी द्यावी. चौकीच कायमची उठवून मात्र देऊ नये.

चौथे कारण जुने विंडोज. विंडोज ७ ची सर्वसाधारण देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. फार जुन्या विंडोजला आजच्या सर्व्हरशी बोलण्याची नवी रीतच ठाऊक नसते, आणि अँटिव्हायरसच्या कंपन्याही हळूहळू त्याची साथ सोडतात.

पाचवे कारण सर्वांत गंभीर. कधी कधी चोर आधीच घरात शिरलेला असतो आणि तोच कोतवालाची वाट तोडतो. २००८ साली आलेला ‘कॉन्फिकर’ हेच करी. अँटिव्हायरस कंपन्यांची आणि मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळे तो उघडूच देत नसे. बाकी सारे व्यवस्थित चाले. याची परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडते, पण अँटिव्हायरस कंपनीचे उघडत नाही, आणि शेजारच्या संगणकावर मात्र ते उघडते, असे दिसले तर संशय घ्यावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी’ या ठिकाणी आपण न लिहिलेला पत्ता आहे का, तेही पाहावे. असा संशय आला की त्या संगणकावर बँकेचे व्यवहार ताबडतोब थांबवावेत.

मग उपाय काय? वाट तुटली तर यादी हाती नेऊन द्यावी. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर व क्विक हील यांसारखे अँटिव्हायरस आपली अपडेट फाईल संकेतस्थळावर ठेवतात. चांगल्या संगणकावर ती उतरवून स्वच्छ पेनड्राईव्हने आणता येते. यांपैकी क्विक हील तर आपल्या महाराष्ट्रातलेच. पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी ते उभारले. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्रही विषाणू काढण्याची साधने मोफत देते. एवढ्यानेही भागले नाही, तर कामाच्या फाईलींची प्रत काढून जाणकाराकडून विंडोज नव्याने घालून घ्यावे.

एक इशारा द्यावासा वाटतो. ‘तुमचा अँटिव्हायरस बंद पडला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी पडद्यावर अचानक झळकली, तर फोन करू नये, आणि कोणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे ॲप तर मुळीच घालू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. संगणकाजवळ एक वही ठेवावी. दर सोमवारी वर्गातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने अँटिव्हायरस उघडून शेवटच्या अपडेटची तारीख वहीत लिहावी. तारीख आठवड्याहून जुनी दिसली, तर वर सांगितलेल्या क्रमाने तपासणी सुरू करावी. पाच मिनिटांचे काम आहे. मुलांना त्यातून शिकायला मिळेल, आणि निकालपत्रके भरण्याच्या ऐन घाईत संगणक दगा देण्याची भीती बरीच कमी होईल.