मालाचे छायाचित्र : साधने आणि सचोटी

पूर्वी गिऱ्हाईक पेढीच्या गादीवर बसून कापडाचा पोत बोटांनी पारखत असे. आज त्याच मालाची पहिली पारख मोबाइलच्या पडद्यावर होते. त्यामुळे कापड, सराफी किंवा भांड्यांच्या व्यापारात कॅमेऱ्याची खरेदी हा घरोघरी चर्चेचा विषय झाला आहे. ही चर्चा बहुधा सर्वांत महाग वस्तूपासून सुरू होते. वास्तविक ती प्रकाशापासून सुरू व्हावयास हवी.

प्रकाश प्रथम

दुकानातील पिवळसर दिवे आणि दारातून येणारा उजेड एकत्र आले की उत्तम कॅमेराही खरा रंग टिपू शकत नाही. सुमारे ५००० ते ५६०० केल्विन रंगतापमानाचे आणि ९५ किंवा अधिक सीआरआय असलेले दोन एलईडी दिवे, त्यांच्यापुढे पातळ पांढरे कापड आणि एक भक्कम ट्रायपॉड, एवढ्यावर निम्मे काम होते. चकचकीत सोने आरशासारखे भोवतालचे प्रतिबिंब दाखवते. म्हणून दागिन्यांवर थेट प्रकाश न टाकता तो कापडातून गाळून घ्यावा.

कॅमेरा आणि लेन्स

ए-४ आकाराच्या पानावर उत्तम छपाईसाठी सुमारे ९ मेगापिक्सेल, तर ए-३ साठी सुमारे साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात. तेव्हा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर असलेला कॅमेरा पेढीच्या गरजेस पुरेसा ठरतो. केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रे पाठवावयाची असल्यास चांगला मोबाइलही चालतो. नक्षीचे बारीक काम दाखवण्यासाठी मात्र मॅक्रो लेन्स हवी. कॅमेरा काही वर्षांनी बदलतो, लेन्स टिकते. म्हणून पैसा लेन्समध्ये अधिक घालावा. पावसाळी दमट हवेत लेन्सवर बुरशी चढते, यास्तव ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी.

खरेदीच्या वेळी चामड्याऐवजी सुती किंवा नायलॉनचा पट्टा मागून घ्यावा. फिल्मवरील लेपासाठी प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून बनणारे जिलेटिन वापरले जाते. डिजिटल तंत्राने फिल्मची गरज संपवली; तथापि लॅबमधील पारंपरिक फोटो-कागदावर ते आजही असते. छपाई करून घेताना याची चौकशी अवश्य करावी.

सॉफ्टवेअरचा हिशेब

अ‍ॅडोबीच्या लाइटरूम व फोटोशॉपसाठी वर्गणी भरत राहावी लागते. ती पाच वर्षांची धरून कॅमेऱ्याच्या किमतीत मिळवावी, म्हणजे खरा खर्च कळतो. डार्कटेबल, रॉथेरपी व गिम्प ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. कॅनन आणि निकॉन या कंपन्याही आपापल्या कॅमेऱ्यांसाठी विनामूल्य सॉफ्टवेअर देतात. सुरुवात यांपासून करणे शहाणपणाचे.

छायाचित्र रॉ स्वरूपात घ्यावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पहिल्या छायाचित्रात मालाशेजारी ग्रे कार्ड ठेवल्यास त्यावरून सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्स अचूक लावता येतो.

मर्यादा कोठे?

खरी कसोटी येथेच लागते. रंग थोडा गडद केला की १८ कॅरेटचा दागिना पडद्यावर २२ कॅरेटसारखा भासू लागतो. विणीतील दोष एका क्षणात पुसता येतो. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे : चांगल्या मालाच्या नावाखाली हलका किंवा भेसळीचा माल देणे. चित्रातील माल एक आणि हाती पडणारा दुसरा, हा त्याचाच आधुनिक प्रकार नव्हे काय? शिवाय परत आलेल्या मालाचा भुर्दंड आणि तुटलेला विश्वास हा तोटा वेगळाच.

धूळ काढणे, कडा छाटणे, रंग मूळ मालाशी जुळवणे एवढेच संपादन ग्राह्य मानावे. पैठणीची धूपछाँव एका चित्रात मावत नाही. तिची दोन कोनांतून दोन चित्रे द्यावीत. दागिन्याशेजारी मोजपट्टी ठेवावी. तयार चित्र आणि प्रत्यक्ष माल दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून, चित्र न काढलेल्या घरातील जाणत्या व्यक्तीस दाखवावेत. दोन्ही एकच आहेत असे तिने म्हटले, तरच ते चित्र गिऱ्हाइकाकडे धाडावे.