उचलायचं, की भरायचं?

१९६२ साली ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसे यांना सिलिकॉनचे पहिले स्तन-इम्प्लांट बसवले गेले. त्या गेल्या होत्या टॅटू काढून टाकायला!

बाळंतपणानंतर ओघळलेले स्तन उचलणं आणि इम्प्लांट बसवणं आता एकाच ऑपरेशनमध्ये होऊ शकतं. पण दोन्ही कामं परस्परविरोधी: एकात कातडी कमी करायची, दुसऱ्यात तीच ताणायची. म्हणून काही सर्जन मध्ये काही महिने जाऊ देतात.

व्रण राहतातच. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेनं, तिथून सरळ खाली, कधी खालच्या घडीतही. आधी लालसर, मग फिके. सूज ओसरेपर्यंत आरशाचं फारसं मनावर घेऊ नये.

इम्प्लांट जन्मभराचे नसतात. कधी भोवतीचं आवरण आवळून कडक होतं, कधी इम्प्लांटच फाटतं. पुन्हा ऑपरेशनची तयारी ठेवावीच लागते. पुढं मूल हवं असेल, तर थांबलेलं बरं.