आधी टेहळणी, मग हुकूम

आज बोलायचंय शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांविषयी. बऱ्याच शाळांत त्यांना काउन्सेलर म्हणतात. बालवाडी ते चौथीच्या पोरांना त्यांची काय गरज, असं एके काळी मलाही वाटायचं. माझं मत कसं बदललं, ते सांगतो.

निवृत्तीच्या थोडं आधी मी एका छावणीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो. दुसरीतल्या एका मुलाची तक्रार आली. वह्या फाडतो, शेजारच्याला मारतो. घर मराठी, वडील सीमेवर, आई एकटी, आणि तीन वर्षांतली ही तिसरी शाळा. मी म्हणालो, "आईला बोलावून समज द्या. पुन्हा झालं तर दाखला हातात द्या."

शाळेच्या मानसशास्त्रज्ञ मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढता येत नाही. मला दोन आठवडे द्या. तुम्ही तरी टेहळणी न करता हल्ला चढवाल का?"

मी गप्प बसलो.

पहिलं काम त्यांनी केलं ते अगदी साधं. मुलाचे डोळे आणि कान तपासून घेतले. ही रीत जुनी आहे. अमेरिकेत 1896 मध्ये लायटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केलं. त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा स्पेलिंगमध्ये अडलेला होता, आणि त्याच्या अडचणीत दृष्टिदोषाचाही वाटा निघाला. आमच्या मुलाचे डोळे-कान ठीक होते.

मग मॅडम मागच्या बाकावर बसून नोंदी करू लागल्या. दंगा कधी होतो? त्याच्या आधी काय घडतं? नंतर काय होतं? चित्रकलेत नाही, खेळात नाही, दंगा व्हायचा तो फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या तासाला. वही फाडली की वर्गशिक्षिका त्याला बाहेर उभं करत. म्हणजे लिहिण्यातून सुटका! आम्ही जिला शिक्षा समजत होतो, ते त्याच्या दृष्टीनं बक्षीस होतं.

तिसरी गोष्ट, त्यांनी आईला सोबत बसवून त्याला मराठीत बोलतं केलं. पोरगं घडाघडा गोष्ट सांगू लागलं. म्हणजे बुद्धीचा प्रश्न नव्हता. दर वर्षी शाळा बदललेली, शिकवायची भाषा आणि पद्धत बदललेली, त्यात वाचनाचा पायाच कच्चा राहिला होता. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असेल का? दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये तिचा समावेश आहे. पण भाषा नवी असणं आणि अक्षमता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात वर्षांच्या मुलावर घाईनं शिक्का मारायचा नाही, मदत मात्र आजच सुरू करायची, असं मॅडमचं म्हणणं.

उपाय काय केले? लिखाण थोडं थोडं दिलं. त्याला एक लाल कार्ड दिलं. जड वाटलं की ते दाखवायचं आणि पाच मिनिटं विसावा घ्यायचा, वही फाडायची गरज नाही. आईला सांगितलं, घरी मराठी सोडू नका, रोज गोष्ट वाचा. वर्गशिक्षिकेनं बाहेर उभं करणं बंद केलं. पाहा, मुलापेक्षा आम्हा मोठ्यांनाच जास्त बदलावं लागलं!

चमत्कार झाला नाही. तीन महिन्यांत वह्या फाडणं जवळजवळ थांबलं, वाचन हळूहळू सुधारलं. मग वडिलांची बदली झाली. मॅडमनी आईच्या संमतीनं पुढच्या शाळेसाठी सविस्तर पत्र दिलं, म्हणजे तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

त्या दिवसांत मला माझा मुलगा आठवायचा. त्यानंही पाच शाळा बदलल्या. सातव्या वर्षी रोज सकाळी पोट दुखतं म्हणायचा. मी म्हणायचो, "नाटकं बंद कर." आज तो स्वतः बाप आहे. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "बाबा, ते नाटक नव्हतं."

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाहीत. ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचं. गरज वाटली तर ते तिकडे पाठवतात. दुसरं, मुलानं सांगितलेलं ते स्टाफरूममध्ये चघळत नाहीत. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल तर ते गुप्त ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायदा, 2012 नुसार कळवणं बंधनकारकच आहे.

तुमच्या शाळेत असं कोणी नसेल, तर पालक सभेत मागणी करा. तोवर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. आणि घरी एक वही ठेवा. मूल कधी बिथरतं, त्याआधी काय झालं, नंतर तुम्ही काय केलंत, एवढंच लिहा. आठवडाभरानं वाचा. हुकूम सोडायचा असेल तर त्यानंतर.

जय हिंद.