किण्वनाच्या आरंभी प्राणवायू

यीस्ट हवेवाचून मद्यार्क निर्माण करते. म्हणून त्यास प्राणवायू नकोच, हा समज अपुरा होय. पेशीपटलासाठी लागणारे अर्गोस्टेरॉल व असंतृप्त मेदाम्ले घडविण्यास प्राणवायू लागतो; त्याच्या अभावी ती बाहेरून पुरवावी लागतात, हे आन्द्रेआसेन व स्टिअर यांनी 1953-54 मध्ये दाखविले. उकळीने यवरसातील विरलेली हवा निघून जाते. रस निवल्यावर ती परत न मिळाल्यास नव्या पेशी दुबळ्या निपजतात व किण्वन अर्ध्यावर थबकू शकते. चिंचपोकळीच्या उकाड्यात अडचण अधिक: पाण्यात 20 अंशांस लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरतो, 30 अंशांस साडेसातच; गोड यवरसात त्याहूनही कमी. (परवान्यावाचून घरी बिअर करण्यास 1949 च्या दारूबंदी कायद्याची मनाई आहे, ही गोष्ट निराळी.) किण्वन जोरात आल्यावर मात्र तीच हवा चव बिघडविते.